झिंग्याच्या डोळ्याचा देठ कापून बीज मिळेल का? अंडी कोठे अडतात आणि कोठे अडत नाहीत

गोंदिया जिल्ह्यातील एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या तरुण सचिवांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांच्या संस्थेकडे एक मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) आहे. त्यात सोडायचे झिंगा बीज दरवर्षी बाहेरून आणावे लागते, ते उशिरा मिळते आणि वाटेत बरेच मरते. त्यांनी एक चित्रफीत पाहिली. तीत मादी कोळंबीच्या एका डोळ्याचा देठ चिमटून काढतात आणि आठवड्याभरात तिचे अंडाशय भरते. त्यावरून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. हेच आपल्या झिंग्यांवर केले तर बीज गावातच तयार होईल का? मोत्यांसाठी शिंपले पाळणाऱ्या त्यांच्या मित्राला शिंपल्यांवर असे काही करता येईल का? आणि गुरांना यकृतकृमीची लागण करणाऱ्या गोगलगायींची अंडी याच ज्ञानाच्या आधारे उलट बंद पाडता येतील का?

मी काही वर्षे किनाऱ्यावरच्या कोळंबी हॅचरीत, म्हणजे बीज तयार करण्याच्या केंद्रात, काम केले आहे आणि आता भंडारा जिल्ह्यात संस्थांना तलावाच्या कामात मदत करतो. त्यामुळे देठ कापण्याची पद्धत मी पाहिली आहे, केलीही आहे. तुमच्या झिंग्यांपुरते माझे उत्तर ‘करू नका’ असे आहे. मात्र त्यामागचे कारण समजले नाही तर पुढच्या वर्षी आणखी एखादी चित्रफीत पाहून हाच प्रश्न पुन्हा उभा राहील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमची खरी अडचण बीज वेळेवर आणि जिवंत मिळत नाही ही आहे. मादी अंडी देत नाही अशी तक्रार तुम्ही कोठेही केलेली नाही. या दोन अडचणी वेगळ्या आहेत आणि देठ कापण्याने सुटली तर फक्त दुसरी सुटते.

आपल्याकडच्या मच्छीमाराच्या मनात ‘हार्मोन’ म्हटले की कटला-रोहूचे इंजेक्शन येते, आणि ते स्वाभाविक आहे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशात पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन घडवले आणि तेव्हापासून बीजाचा सगळा व्यवसाय बदलला. आज जे तयार इंजेक्शन मिळते त्यात दोन घटक असतात. एक म्हणजे मेंदूतून येणाऱ्या जीएनआरएच या छोट्या पेप्टाइडची कृत्रिम आवृत्ती, आणि दुसरा म्हणजे डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाचा अडसर दूर करणारे डोम्पेरिडोन. माशाच्या मेंदूतला संदेश पियुषिकेला जातो, पियुषिका अंडाशयाला हुकूम देते आणि काही तासांत अंडी सुटतात. चेतापेशीत तयार होणारा आणि अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचा बनलेला असा जो संदेशवाहक असतो, त्यालाच न्यूरोपेप्टाइड म्हणतात. म्हणजे न्यूरोपेप्टाइड ही आपल्या मच्छीमारांना परकी गोष्ट नाही. पावसाळ्यात ते सिरिंजमधून हाताळत असतात.

झिंग्याला मात्र पियुषिका ग्रंथी नाही. त्याची बरीचशी सूत्रे डोळ्याच्या देठातून हलतात. हा देठ म्हणजे डोळा टेकवण्याची काडी नसून मेंदूचाच पुढे आलेला भाग त्यात असतो. तेथे चेतापेशींचा एक पुंजका असतो, त्याला एक्स-ऑर्गन म्हणतात. या पेशींचे लांब तंतू जवळच एकत्र येऊन संपतात, त्या जागेला सायनस ग्रंथी म्हणतात. पुंजक्यात पेप्टाइड तयार होते, सायनस ग्रंथीत साठते आणि परिस्थितीप्रमाणे रक्तात सोडले जाते. १९४३ मध्ये पानूज या फ्रेंच संशोधकाने समुद्री झिंग्याच्या मादीचे देठ काढले, तेव्हा ऋतू नसतानाही तिचे अंडाशय वाढू लागले. यावरून असा निष्कर्ष निघाला की देठात अंडाशयाला रोखून धरणारे काहीतरी आहे. चित्रफितीत तुम्ही पाहिलेली पद्धत त्याच निरीक्षणातून पुढे हॅचरीत आली.

हे ‘काहीतरी’ म्हणजे अंडाशयरोधक हार्मोन, इंग्रजी आद्याक्षरांनी जीआयएच. अंड्यातला पिवळा साठा ज्या प्रथिनापासून बनतो त्या व्हायटेलोजेनिनची निर्मिती ते दाबून ठेवते. पण सायनस ग्रंथीत ते एकटे नसते, आणि कापण्याचा सगळा घोळ येथेच आहे. त्याच्यासोबत त्याच घराण्यातली आणखी पेप्टाइडे साठवलेली असतात. पहिले सीएचएच, जे रक्तातील साखर वाढवते आणि शरीरातील ऊर्जेचा हिशेब सांभाळते. दुसरे एमआयएच, जे वाय-ऑर्गन नावाच्या ग्रंथीला रोखून कवच टाकण्याची वेळ लांबवते. तिसरे एमओआयएच, जे जबड्याजवळच्या मॅन्डिब्युलर ग्रंथीला आवर घालते. कीटकांच्या ज्युव्हेनाइल हार्मोनचा सख्खा नातेवाईक असलेले मिथाइल फार्नेसोएट ही ग्रंथी सोडते. १९८७ मध्ये ते खेकड्यात सापडले आणि प्रजननाशी त्याचा संबंध आहे असे मानले जाते. ही सगळी पेप्टाइडे साधारण सत्तर ते ऐंशी अमिनो आम्लांची असतात, प्रत्येकात सिस्टीन हे अमिनो आम्ल सहा वेळा येते आणि त्यांचे तीन बंध ठरावीक जागी असतात. दिसायला ती इतकी सारखी आहेत की एकाचे काम दुसऱ्यानेही थोडेफार केल्याचे प्रयोगांत आढळते. कोणते पेप्टाइड कोणत्या जातीत नेमके काय करते याबद्दल एका जातीचा नियम दुसऱ्या जातीला जसाच्या तसा लावता येत नाही, हे लक्षात ठेवा.

आता देठ कापला की काय होते ते पाहा. तलावातून शेताला पाणी द्यायचे असेल तर आपण दार उघडतो. पाळ फोडली तरी पाणी शेतात पोहोचते, पण त्याला पाणी देणे म्हणत नाहीत. देठ कापणे हे पाळ फोडण्यासारखे आहे. अंडाशयावरचा रोध कमी होतो, त्याबरोबर कवच टाकण्यावरचाही कमी होतो आणि साखरेचे नियंत्रणही ढिले पडते. म्हणून कापलेली मादी कधी अंडी भरते, तर कधी अंडी भरण्याऐवजी लवकर कवच टाकून मोकळी होते. ती कवच टाकण्याच्या चक्राच्या कोणत्या टप्प्यावर असताना तिला कापले, यावर हे बरेचसे अवलंबून असते. हॅचरीत कवच नुकतेच टाकलेल्या किंवा टाकण्याच्या बेतात असलेल्या मादीला हात लावत नाहीत, त्याचे हेच कारण. दोन्ही देठ काढले तर मादी सहसा फार काळ जगत नाही, म्हणून एकच काढतात. दुसऱ्या देठातून थोडेफार नियंत्रण चालू राहते. एकीमागून एक अंड्यांच्या फेऱ्या घेत गेले की पुढच्या फेऱ्यांत अळ्यांची प्रत उतरते, हा हॅचरीत काम करणाऱ्या बहुतेकांचा अनुभव आहे, माझाही आहे. मादी आधी धष्टपुष्ट असेल आणि तिला जिवंत किंवा ताजे खाद्य मिळत असेल तर ही घसरण उशिरा दिसते.

मग किनाऱ्यावरचे लोक हे का करतात? कारण त्यांची कोळंबी वेगळी आहे. काळी टायगर कोळंबी टाकीत ठेवली की तिचे अंडाशय स्वतःहून क्वचितच पूर्ण भरते. समुद्रातल्या खोल, स्थिर पाण्याची परिस्थिती तिला टाकीत मिळत नाही आणि तिचा रोध सुटत नाही. तेथे देठ कापणे हा नाइलाजाचा मार्ग होता. आता तेथेही तो सोडून देण्याच्या दिशेने काम चालू आहे. थायलंडमधील संशोधकांनी टायगर कोळंबीत जीआयएचचा जनुकीय संदेशच आरएनएच्या दुहेरी धाग्याने गप्प केला, तेव्हा देठ न कापता अंडाशय वाढले. सेरोटोनिन हे चेतासंस्थेतले रसायन टोचूनही अनेक जातींत अंडाशयाची वाढ होते आणि डोपामाइनने ती मंदावते. गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्यातही हेच आढळले आहे. सेरोटोनिन स्वतः पेप्टाइड नाही, पण मेंदू आणि छातीतल्या चेतागुच्छांतून अंडाशयाला चालना देणारा स्राव ते सोडायला लावते असे मानले जाते. कटल्याच्या इंजेक्शनात डोपामाइन अडवणारा घटक का असतो हे तुम्हाला ठाऊक असेल तर हा योगायोग तुमच्या नजरेत भरेल: माशात आणि झिंग्यात, इतक्या लांबच्या दोन प्राण्यांत, डोपामाइन प्रजननाच्या आड येते.

तुमच्या तलावात सोडला जाणारा मोठा झिंगा, म्हणजे मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, टायगर कोळंबीच्या अगदी उलट आहे. तलावात, टाकीत, कोठेही चांगले खाद्य आणि २८ ते ३१ अंश तापमान मिळाले की त्याची मादी स्वतःहून अंड्यावर येते. पाठीच्या कवचाखाली नारिंगी रंगाचे अंडाशय डोळ्यांना दिसते. नंतर ती प्रजननापूर्वीचे कवच टाकते, मऊ असतानाच नर तिच्याशी मिलन करतो आणि बहुधा एका दिवसाच्या आत अंडी तिच्या पोटाखालच्या पायांना चिकटलेली दिसतात. पूर्ण वाढलेल्या मादीच्या अंगावर ८० हजार ते एक लाख अंडी असू शकतात, पहिल्या खेपेला ५ ते २० हजार. अंड्यांचा रंग नारिंगीपासून हळूहळू राखाडी-काळपट होतो आणि २८ अंशांच्या आसपास साधारण २० दिवसांनी अळ्या बाहेर पडतात. अंडी पोटाखाली असतानाच आतले अंडाशय पुढच्या खेपेची तयारी करत असते, त्यामुळे वर्षात तीन-चार खेपा होऊ शकतात. अशा प्राण्याचा देठ कापला तर काय होईल? अंडाशय लवकर भरेल, हे प्रयोगांत दिसले आहे, पण कवच टाकण्याचे चक्रही आखडते. म्हणजे जी मादी तुम्हाला फुकटात अंडी देत होती तिला जखम करून तुम्ही थोडी घाईची अंडी मिळवाल आणि कदाचित मादी गमावाल.

तुमच्या जाळ्यात भाद्रपद-आश्विनात पोटाखाली अंडी असलेल्या माद्या नक्कीच येत असतील. संस्थेच्या ज्येष्ठ सभासदांना विचारा, ते लगेच सांगतील. मग अंडी असूनही तलावात पिल्ले का दिसत नाहीत? कारण या झिंग्याच्या अळीला खारे पाणी लागते. मलेशियातील पेनांग येथे शाओ-वेन लिंग यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे शोधले. त्याआधी गोड्या पाण्यात अळ्या काही दिवसांत का मरतात हे कोडेच होते. समुद्राचे पाणी साधारण ३५ पीपीटी (हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार) खारे असते, या अळीला सुमारे १२ पीपीटी लागते. त्या पाण्यात ती ११ अवस्था पार करते, रोज आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जीवाची पिल्ले खाते आणि साधारण महिनाभराने पोस्ट लार्व्हा, म्हणजे झिंग्यासारखे दिसणारे पिल्लू, बनते. त्यानंतर तिला हळूहळू गोड्या पाण्यात आणता येते. नदीत राहणारी मादी अंडी घेऊन खाडीकडे उतरते आणि पिल्ले पुन्हा वर येतात. मामा तलावातल्या मादीला जायला खाडी नाही. डोळ्याचे दोन्ही देठ कापले तरी वैनगंगेच्या पाण्यात मीठ येणार नाही.

म्हणून गावात बीज तयार करायचे असेल तर प्रश्न हार्मोनचा राहत नाही, तो खाऱ्या पाण्याचा आणि अळी संगोपनाचा होतो. येथून पुढचे उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. एका तलावासाठी हॅचरी उभारणे मला परवडणारे दिसत नाही. खारे पाणी टँकरने आणावे लागेल किंवा क्षार मिसळून तयार करावे लागेल, ते गाळून पुन्हा वापरण्याची जैविक गाळणी लागेल, रात्रंदिवस हवा देण्यासाठी खात्रीची वीज लागेल, आणि आर्टेमियाचा खर्च वेगळा. दहा-पंधरा संस्था एकत्र आल्या, जनित्र असले आणि अळीचे काम शिकलेला एक तरी मनुष्य कायम राहिला, तर हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अशा चर्चांमध्ये कोणीतरी पश्चिम विदर्भातल्या खारपाणपट्ट्याची आठवण काढतोच. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातले भूजल खारे आहे हे खरे, पण जमिनीतला खारेपणा आणि समुद्राचा खारेपणा यांतील क्षारांचे प्रमाण सारखे नसते. हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या केंद्राने जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात कोळंबी वाढवताना पोटॅशियमची कमतरता भरून काढण्यावर बरेच काम केले आहे. तेव्हा पाण्याची पूर्ण तपासणी झाल्याशिवाय कोणत्याही विहिरीवर भरवसा ठेवू नका. जिभेला खारट लागणे ही तपासणी नव्हे.

त्यापेक्षा तुमचे आणलेले बीज जगवणे स्वस्त पडेल. पिशव्या रात्री किंवा पहाटे आणा. पोहोचल्यावर त्या तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग तलावाचे पाणी थोडे थोडे पिशवीत मिसळा, कारण तापमानाइतकाच पीएचमधला एकदम होणारा बदल या वयात मारतो. आणि पोस्ट लार्व्हा थेट मोठ्या तलावात सोडण्याऐवजी पाळीजवळच्या छोट्या नर्सरी तळ्यात किंवा हाप्यात (पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात) महिना-दीड महिना वाढवा, त्यात झुडपांच्या फांद्या किंवा जुनी जाळी टाका, म्हणजे कवच टाकलेल्या मऊ पिल्लाला लपायला जागा मिळेल आणि एकमेकांना खाण्याचे प्रमाण कमी होईल. बीज उशिरा मिळत असेल तर हे आणखी महत्त्वाचे, कारण आपल्या भागात वाढीचे दिवस मोजके असतात. पौष-माघात पाणी थंड पडले की झिंगा खाणे कमी करतो आणि वाढ थांबल्यासारखी होते, १४ अंशांखाली तर तो जगतही नाही. चैत्र-वैशाखात उथळ तलाव ३५ अंशांपुढे गेला की वरच्या टोकालाही तीच गत.

येथे एक उपविषय, कारण बीज विकणारे हल्ली ‘सगळे नर’ असे सांगून जास्त दर मागतात. या झिंग्यात नर मादीपेक्षा मोठा होतो, म्हणून फक्त नरांचे बीज फायद्याचे असते हे खरे. त्यामागेही एक पेप्टाइडच आहे, मात्र ते चेतापेशीत नव्हे तर नराच्या अँड्रोजेनिक ग्रंथीत बनते. १९५४ मध्ये शार्निओ-कोतों यांनी एका छोट्या किनारी कवचधारी प्राण्यात ही ग्रंथी ओळखली. तिच्यातून येणारे इन्सुलिनसारखे पेप्टाइड नराला नर बनवते आणि त्या ग्रंथीवरही डोळ्याच्या देठातील पेप्टाइडांचा अंमल असतो. इस्राएलमध्ये बेन-गुरियन विद्यापीठातील अमीर सागी यांच्या गटाने लहान नरांमध्ये या पेप्टाइडचा संदेश गप्प केला, तेव्हा ते जनुकांनी नर राहूनही मादीसारखे अंडी देऊ लागले. या जातीत लिंग ठरवणारी गुणसूत्रे नरात झेडझेड आणि मादीत डब्ल्यूझेड असतात, त्यामुळे अशा ‘मादी’ची सगळी संतती नर होते. म्हणजे ‘सगळे नर’ बीज शक्य आहे, पण ते अशा प्रजनक माद्यांपासूनच येते; मोठे पिल्लू हाताने निवडून दिलेले बीज सगळे नर असण्याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. विक्रेत्याला माद्या कोठून आणल्या ते विचारा.

आता शिंपले. मृदुकाय प्राण्यांत, म्हणजे शिंपले, गोगलगायी आणि त्यांच्या समुद्रातल्या भाऊबंदांत, चित्र वेगळे आहे. झिंग्यात देठातील मुख्य पेप्टाइड अंडाशयाला रोखते, तर समुद्री गोगलगाय ॲप्लिसिया हिच्यात सर्वांत नीट समजलेले पेप्टाइड अंडी घालायला लावणारे आहे. १९६७ मध्ये कुप्फरमन यांनी तिच्या पोटाजवळच्या चेतागुच्छातील पिशवीपेशींचा अर्क दुसऱ्या ॲप्लिसियाला टोचला आणि तिने अंडी घातली. तो परिणाम घडवणारे हार्मोन ३६ अमिनो आम्लांचे निघाले. या पेशी एकदा चेतल्या की साधारण अर्धा तास एकसुरात स्पंदत राहतात. प्राणी चालणे-खाणे थांबवतो, डोके ठरावीक लयीत हलवत अंड्यांची दोरी चिकटवत जातो. एकच पेप्टाइड ग्रंथीवर, चेतापेशींवर आणि वागणुकीवर एकाच वेळी कसे काम करते याचे हे उत्तम उदाहरण आहे. ज्या ॲप्लिसियावरच्या स्मृतीच्या अभ्यासासाठी एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल मिळाले, तीच ही.

तुमच्या मित्राचे शिंपले, बहुधा लॅमेलिडेन्स, यांना या हार्मोनची गरज नाही. अनेक द्विपुटी (दोन शिंपांच्या) प्राण्यांत सेरोटोनिनने अंडी किंवा शुक्रपेशी सोडवता येतात, हे झेब्रा शिंपल्यावर स्पष्ट दिसले आहे. पण लॅमेलिडेन्सची मादी अंडी पाण्यात सोडत नाही; ती आपल्या कल्ल्यांत अळ्या वाढवते आणि या अळ्या, ज्यांना ग्लोकिडिया म्हणतात, बाहेर पडल्यावर माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही काळ परजीवी जगल्या तरच पुढे शिंपले होतात. म्हणजे येथेही झिंग्यासारखेच आहे: अंडी येतात, अडते ते पुढे. झिंग्याच्या अळीला मीठ मिळत नाही, शिंपल्याच्या अळीला योग्य मासा मिळत नाही. शिवाय मोत्यांसाठी शिंपल्याला पिल्ले व्हावीच लागतात असे नाही. कलम करण्याच्या, म्हणजे मोत्यासाठी शिंपल्यात केंद्रक बसवण्याच्या, काळात शिंपल्याचे शरीर अंड्यांनी फुगलेले असेल तर उलट शस्त्रक्रिया अवघड जाते. मित्राने तलावात मासे ठेवले, वर्षभर पाणी राखले आणि सगळे मोठे शिंपले एकदम उपसले नाहीत, तर त्याची गरज भागेल.

तिसरा प्रश्न गोगलगायींचा, आणि तो तिघांत मला सर्वांत हुशारीचा वाटला. लिम्निया या गोड्या पाण्यातील गोगलगायीच्या मेंदूत सुमारे शंभर कॉडोडॉर्सल पेशी असतात. त्या ३६ अमिनो आम्लांचे हार्मोन सोडतात, आणि ते ॲप्लिसियाच्या हार्मोनचे नातेवाईक आहे. या पेशींना चेतवण्याचा सोपा मार्ग प्रयोगशाळेत सर्वांना माहीत आहे: गढूळ पाण्यातल्या गोगलगायीला स्वच्छ पाण्यात टाका, काही तासांत ती अंड्यांचा चिकट पुंजका घालते. आपल्याकडे नव्या पाण्याने तलाव आणि धानाच्या बांध्या भरल्या की गोगलगायींची अंडी एकदम का दिसू लागतात, याचे एक कारण येथे असावे असे मला वाटते. तापमान आणि नवी पालवी ही कारणेही सोबत असतीलच.

हे हार्मोन अडवणारे औषध पाण्यात टाकता येईल का? नाही. पेप्टाइड पाण्यात टिकत नाही, टोचल्याशिवाय आत पोहोचत नाही, आणि तलावातल्या प्रत्येक गोगलगायीला टोचणे शक्य नाही. गंमत म्हणजे हे काम निसर्गात एक जीव करतो, आणि तो आपला शत्रूच आहे. चपट्या कृमींच्या अळ्या गोगलगायीच्या अंगात वाढतात तेव्हा तिची अंडी घालण्याची क्षमता खूप घटते किंवा बंद पडते. युरोपातील लिम्नियावरच्या अभ्यासात याचा संबंध त्याच हार्मोनच्या कामात येणाऱ्या अडथळ्याशी जोडला गेला आहे. कृमीला अंडी नको असतात, गोगलगायीचे अन्न स्वतःला हवे असते. म्हणून अंडी न घालणारी गोगलगाय म्हणजे निरुपद्रवी, असे समजू नका. जी अंडी घालत नाही तीच कदाचित गुरांसाठी सर्वांत घातक असेल.

प्रत्यक्षात करायचे ते साधे आहे. लिम्नियामुळे यकृतकृमी आणि चपट्या चक्रीसारख्या इंडोप्लॅनॉर्बिसमुळे पोटातले ॲम्फिस्टोम तसेच बैलांचा घोरण्याचा रोग पसरतो, तेव्हा दोन्ही ओळखायला शिका. नवे पाणी आल्यानंतरच्या आठवड्यांत पाण्यातली पाने, काड्या आणि बुडालेल्या वनस्पतींच्या खालच्या बाजूला चिकटलेले जेलीसारखे पुंजके काढून पाण्याबाहेर वाळत टाका. केळीच्या पानांचे तुकडे पाण्यात पसरून ठेवले तर गोगलगायी त्यांवर गोळा होतात आणि उचलणे सोपे जाते. गुरांना पाणी तलावात उतरवून पाजण्याऐवजी पाळीबाहेरच्या टाक्यात पाजा आणि पशुवैद्यकांच्या सल्ल्याने पावसाळ्यानंतर जंतनाशक द्या. मोरचूद (तांब्याचा क्षार) टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर झिंगा असलेल्या तलावात तो मुळीच ऐकू नका. तांबे गोगलगायीबरोबर झिंग्यालाही मारते.

डोळ्याचा आणि प्रजननाचा संबंध फक्त झिंग्यातच आहे का, असा एक उपप्रश्न तुमच्या लिखाणात होता. नाही. ऑक्टोपस मृदुकाय आहे, झिंग्याचा नातेवाईक नाही, तरी १९५९ मध्ये वेल्स दांपत्याने दाखवले की त्याच्या दृष्टीचा मार्ग तोडला तर तो वेळेआधी प्रौढ होतो. तेथे मेंदूचा एक भाग ऑप्टिक ग्रंथीला रोखून धरतो, आणि डोळ्यातून येणारी माहिती त्या रोधाला आधार देते. १९७७ मध्ये वोडिन्स्की यांनी अंड्यांवर बसलेल्या मादीच्या ऑप्टिक ग्रंथी काढल्या, तेव्हा तिने अंडी राखणे सोडले, ती पुन्हा खाऊ लागली आणि जास्त जगली. आपल्या मराठी मुलखातही या विषयावर काम झाले आहे: मराठवाडा विद्यापीठात आर. नागभूषणम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोड्या पाण्यातील खेकडे आणि शिंपल्यांच्या चेतास्रावावर बराच अभ्यास केला. तुमच्या भागातला कोणी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी विषय शोधत असेल तर मामा तलावातला खेकडा त्याच्यासमोरच आहे.

तुमच्या तलावाबाबत पुढे काही ठरवायचे असेल तर तीन गोष्टी कळवा: बीज कोणत्या महिन्यात आणि कोणत्या आकाराचे मिळते, पाळीजवळ नर्सरीसाठी वर्षभर पाणी राहणारे छोटे तळे आहे का, आणि जाळ्यात येणाऱ्या अंडीवाल्या माद्या कोणत्या महिन्यांत जास्त असतात. शेवटची माहिती बीजासाठी उपयोगी नाही, पण त्या माद्या कधी विकायच्या आणि कधी तलावात ठेवायच्या हे त्यावरून ठरेल. अंड्यांवर गेलेली ताकद वाढीत दिसत नाही, आणि तलावात त्या अंड्यांचे काही होणार नसते, म्हणून अशी मादी मी सहसा आधी बाजारात पाठवतो.